चांद्याचा पाय

येवद्याकडच्या सूर्यभानची ओळख त्याच्या गावात एका सवयीवरून राहिली. बहिणीला, मनकर्णेला, आखजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी आणताना तो दमणीत बसत नसे. बैलांच्या पुढे कासरा धरून पायी चालत येई. दमणी भक्कम, बैल तरणे, ऊन वैशाखाचं, आणि हा पायी. लोक हसत. बहिणीचा पाहुणचार रस्त्यापासूनच सुरू होतो म्हणत. कारण त्यानं कधी सांगितलं नाही, आणि मनकर्णेनंही नाही.

सवय लागली ते वर्ष कापसाच्या तेजीचं होतं. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली आहे आणि तिथला कापूस विलायतेला पोचत नाही, एवढं अमरावतीच्या बाजारात ऐकू येई. सूर्यभानची जमीन काळी आणि खोल. त्यानं ज्वारी कमी करून कपाशी वाढवली आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगणात नवी रंगीत दमणी उभी राहिली. अकोल्याहून बैलांसाठी पितळी घुंगरमाळा आल्या. त्यांचा आवाज कोसभर जाई. सूर्यभानला तो आवडायचा.

त्याच माघात त्याची आई गेली होती. चैत्र लागला की ती रोज एकच घोकायची, "मनूले आनाची गाडी कधी जुपतं?" यंदा ते म्हणणारं कोणी नव्हतं. आखजीला पितरांच्या नावानं घागर भरतात, त्यात आईची ही पहिलीच घागर. तेव्हा मनकर्णा घरात असायला हवी, हे सूर्यभानला ठाऊक होतं.

पण अमरावतीला भगवंतराव भेटला. कापसाच्या व्यवहारातला हा दलाल गोडबोल्या होता. तो म्हणाला, "साहेब लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याले जातात, हवा खाले. आपन काय फक्त मातीच खाव का?" सूर्यभान हसला, पण ते त्याच्या मनात राहिलं, आणि दोघांचं तिकडे जायचं ठरलं.

दमणी जुंपताना बायको, गोदाबाई, दाराशी येऊन म्हणाली, "त्याच रस्त्यानं जाता, तं मनकर्णाबाईले घेऊन या."

"येतानी आनतो. आखजीच्या आधी येतोच ना."

त्या काळी वऱ्हाडात वैशाखाच्या सुमारास छत घातलेली दमणी रस्त्याला लागली की तिचा अर्थ एकच असे. कोणीतरी मुऱ्हाळी चालला आहे, म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी न्यायला तिचा माणूस निघाला आहे. दुसरं कारण कुणाला सुचतच नसे. दर्यापूर ओलांडल्यावर एका विहिरीवर बैलांना पाणी पाजत होते, तिथे मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनाची लेक आनाले चालले, बाप्पा?"

"कोनाची नाही. चिखलदऱ्याले चाललो. हवा खाले."

म्हाताऱ्यानं मोट थांबवली. "काहून? तुमच्या गावची सरली का?"

विहिरीवरच्या बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. भगवंतरावही हसला. सूर्यभानचे कान तापले. पुढच्या गावी पुन्हा तोच प्रश्न आला, त्याच्या पुढच्या गावीही. आपलं ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की धनी जसा इकडेतिकडे पाहतो, तसं त्याला होऊ लागलं.

संध्याकाळी अंजनगावला पानमळ्याच्या कडेला मुक्काम केला. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तिथलं पाणी गुळासारखं लागतं. मळ्यात वेलींच्या गर्दीत ओली सावली होती. मळ्याची मालकीण लीलाबाई गार पाण्याची चरवी घेऊन आली आणि तिनंही विचारलं. या वेळी सूर्यभाननं सरळ सांगून टाकलं, "बयनीले आनाले. पथ्रोटच्या अलीकडे दिली हाय. मनकर्णा नाव."

सांगायला किती सोपं होतं. लीलाबाईचा चेहरा उजळला. "त्या आंगानं तं आमच्या पानाच्या टोपल्या जातात, पहाटीच." तिनं चांगली कोवळी पानं निवडली, केळीच्या सोपटात बांधली, वर ओलं फडकं गुंडाळलं. "तिले देजा. म्हना, मळ्यातल्या मावशीनं देल्ले."

ती गेल्यावर भगवंतराव म्हणाला, "बरा मुऱ्हाळी झाला तू."

"खोटं काय हाय त्यात? येतानी आनतोच हाय."

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता मनकर्णेच्या गावचा फाटा आला. फाट्यावर जुना कडुनिंब. चांद्या, कपाळावर पांढरा टिक्का असलेला उजवा बैल, दर वर्षी याच वळणानं जाई. तो आपसूक वळला. सूर्यभाननं कासरा ओढला. बैलानं मान तशीच वाकडी ठेवली, दोन पावलं टाकली, मग निमूट सरळ झाला. घुंगरं वाजत राहिली. सूर्यभाननं निंबाकडे पाहिलं नाही.

एलिचपूरच्या बाजारात त्यानं मनकर्णेसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि त्याला हलकं वाटलं. दमणी आणि बैल पायथ्याच्या एका गावात ओळखीच्या गोठ्यात ठेवले. सामानाला तट्टू करून दोघं पायवाटेनं वर चढले. वाट सागाच्या पानगळीतून जायची. पायाखाली चुरचुर आवाज, आणि मग एका वळणानंतर वारा एकदम दुसरा. सूर्यभाननं अंगरख्याची बंदं सोडली. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच भर दुपारी घाम आला नाही.

वर साहेबांचे बंगले, त्यांच्या बागेत गुलाब, बटाट्याचे वाफे, कॉफी म्हणतात ती झुडपं. कोरकू बाया मध आणि चारोळ्या घेऊन येत. गाविलगडच्या पडक्या दरवाज्यातून सकाळी खालचा सपाट मुलूख दिसे, धुरकट, भाजलेला. त्यात कुठेतरी आपलं गाव आहे हे त्याला खरं वाटेना. रोज एक वाट नवी. रोज भगवंतराव म्हणे, "उद्याचा दिवस राहू." आणि सूर्यभान मान हलवे. घाई न करता चालण्यात एक वेगळंच सुख होतं. इतकं, की पानांच्या पुडक्याची आठवण झाली तेव्हा आतली पानं पिवळी पडून चिकटली होती.

एका संध्याकाळी तो तळ्याच्या काठी बसला होता. समोरच्या डोंगरावर चंद्र दिसला. आखजीचा चंद्र नखाएवढा असतो. हा विळ्याएवढा होता. सूर्यभान बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग शेजारून जाणाऱ्या माणसाला त्यानं तिथी विचारली. खरं तर विचारायची गरज नव्हती.

भगवंतराव वरच राहिला. सूर्यभान एकटा उतरला.

फाट्यावर या वेळी चांद्याला वळवावं लागलं नाही. गावात शिरताच पारावरच्या एकानं हाक दिली, "काय भाऊ, बैलाचा पाय कसा हाय?"

सूर्यभानला कळेना. तो नुसता हसला. पुढे आणखी एकानं तेच विचारलं.

बहिणीच्या दारात तिची सासू पार्वताबाई उभी होती. बाई बोलायला रोखठोक, पण मनानं वाईट नव्हे. "या. आले एकदाचे. आमाले वाटलं, बैल गेलाच का काय."

"कोनता बैल?"

"कोनता म्हंजे? अंजनगावचा पानवाला टोपली घेऊन आला, त्यानं सांगतलं, मनकर्णेचा भाऊ मावशीच्या पानमळ्यात उतरला हाय, दमनी घेऊन येऊन राहिला. तवा पोरीनं गठुडं बांधलं, अन् जाऊन बसली फाट्यावर, निंबाखाली. दुपारी परत आली. म्हने, वाटसरू भेटला, भावाच्या बैलाचा पाय मुरगळला, तो अंजनगावातच अडकला." पार्वताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "मंग? बरा हाय का आता?"

अंगणाबाहेर चांद्या चारही पायांवर धड उभा होता. माशा उडवायला त्यानं मान झटकली आणि घुंगरं खणखणली.

"बरा हाय आता," सूर्यभान म्हणाला.

मनकर्णा पाण्याचा गडवा घेऊन आली. त्याच्या हातात देताना तिनं वर पाहिलं नाही. "घुंगरं नवे हायेत, भाऊ," ती हळू म्हणाली. "लय लांबून आयकू येतात."

म्हणजे ती निंबाखाली होती. तिनं आवाज ऐकला होता, चांद्या ओळखला होता, त्याची वाकडी मानही पाहिली होती. आणि मग गठुडं उचलून घरी जाताना, आपल्या माणसाची लाज झाकायला तिनं बैलाचा पाय मोडला होता.

सूर्यभाननं गडवा तसाच खाली ठेवला.

"आईची घागर?" तिनं विचारलं.

"गोदीनं भरली असन."

"असन?"

मनकर्णा आत गेली. ती परतली तेव्हा तिच्या हातात हळद-तेलाची वाटी होती, ऊन केलेलं एरंडाचं पान होतं आणि जुन्या लुगड्याची पट्टी. शेजारच्या दोघी-तिघी कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. ती चांद्यापाशी बसली आणि त्याच्या धड पायावर हळद लावून, पान ठेवून, नीट पट्टी बांधू लागली. हा वासरू होता तेव्हा तिनंच त्याला हातानं कुटार चारलं होतं. चांद्या शांत उभा राहिला. बांगड्यांची पुडी सूर्यभानच्या कमरेला तशीच खोचलेली होती. ती काढायचं त्याचं धाडस झालं नाही.

पार्वताबाई म्हणाली, "आखजी तं गेली. पन माय गेल्यावरचं पहिलं वर्स हाय, माहेर पाहून येऊ द्या तिले. अन् भाऊ, जनावराले हळू चालवा. उगा वज्जन नका टाकू."

"मी पायीच चालतो," तो म्हणाला.

मनकर्णा दमणीत बसली. सूर्यभाननं कासरा हाती घेतला आणि लंगड्या बैलाच्या चालीनं बैल हाकायला सुरुवात केली. चांद्याला जोरात चालायचं होतं, त्याला रोखावं लागत होतं. सगळा गाव पाहत होता. कोणी सांगत होतं, बिब्बा लावा. कोणी म्हणत होतं, गुणी बैल हाय, जपा त्याले. प्रत्येकाला सूर्यभान मान डोलावून हो म्हणत होता.

निंबाखालून रस्ता वळला, गाव मागे पडलं. तो थांबला.

"सोडू का आता पट्टी?"

"राहू दे," मनकर्णा म्हणाली. "पुढं तुह्या पानमळ्यातली मावशी हाय. तिले काय सांगशीन? घरी गेल्यावर वयनीले काय सांगशीन?"

सूर्यभाननं चांद्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढली, दुसऱ्या बैलाचीही काढली, आणि दोन्ही दमणीत कडब्याखाली सारल्या. मग पुन्हा पुढे होऊन कासरा धरला. ऊन खूप होतं. बहीण पाठीमागे बसली होती आणि त्याला तिच्याकडे तोंड करावं लागत नव्हतं, एवढीच काय ती सावली. येवद्यापर्यंत तो तसाच चालत आला.