नाटकातली आजी

कार्डिफच्या एका छोट्या थिएटरमध्ये शेजारच्या खुर्चीतल्या मराठी आजींनी मला कौतुकानं सांगितलं, "नाटक माझ्या नातीनं लिहिलंय. त्यात माझीच भूमिका करतेय ती."

रंगमंचावरची आजी मोडकंतोडकं इंग्रजी बोलत अडखळायची आणि प्रेक्षक खळखळून हसायचे. या आजीही शालीचं टोक तोंडाला लावून हसत होत्या.

मध्यंतरात मी म्हणालो, "छान करते हो तुमची नात."

"करते ना." मांडीवरचा कोट उगाचच सारखा करत त्या म्हणाल्या, "तिनं माझं इंग्रजीच ऐकलंय. मराठी शिकवायचं राहूनच गेलं. नाहीतर मी किती बोलघेवडी आहे, ते कळलं असतं तिला."

नाटक संपल्यावर नातीनं रंगमंचावरून त्यांच्याकडे हात केला. सगळं थिएटर वळून पाहू लागलं. त्या उठल्या, बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच "थँक्यू" म्हणून खाली बसल्या.