सगळा पाडा सद्वर्तनी

पोशेऱ्याच्या पुढे, जिथे जीपवाला "आता चालत जा" म्हणून सांगतो, तिथून उतरणीला कुंडाचा पाडा. तिथल्या झेडपीच्या शाळेत मी काही वर्षं मास्तर होतो. दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. त्या सगळ्या वर्षांत पाड्यावर वाईट वर्तणुकीचा एकही माणूस मला आढळला नाही. आढळणार कसा? ज्याने मागितला त्याच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला होता आणि त्याखाली पोलीस पाटलाची सही होती. इतके सज्जन एका जागी राहत असताना मोखाड्याला पोलीस ठाणं कशाला ठेवलं होतं, हे मला कधी कळलं नाही.

पाटलाचं नाव माघ्या. तोंडावर सगळे नुसतं पाटील म्हणत. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, आणि त्याहून मऊ मन. दाखला मागायला कोणी आलं की बायको गोजाबाई कोरा चहा ठेवायची, पाटील दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवायचा आणि न थांबता लिहायचा: सदर इसम माझ्या चांगल्या ओळखीचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे, त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, सबब दाखला दिला असे. चहा निवायच्या आत माणूस सद्वर्तनी होऊन अंगणाबाहेर पडायचा.

सुकऱ्याला फॉरेस्टवाल्यांनी सागाच्या ओंडक्यांसकट धरलं होतं. पुढच्याच महिन्यात त्याला वॉचमनच्या नोकरीसाठी दाखला मिळाला. मी विचारलं तर पाटील म्हणाला, "तो लाकडाशी वाईट वागला, मास्तर. मानसाशी नाय." दुसरा एक जण बायकोला बदडायचा. त्यालाही मिळाला, कारण बायकोची तक्रार नव्हती. ती बिचारी पाटलाच्याच ओटीवर सुजलेलं तोंड घेऊन बसलेली असायची, पण बसणं म्हणजे काही तक्रार नव्हे.

"एखाद्याला नाही म्हणा की," मी एकदा चिडून म्हणालो.

"दारात आलेल्याला रिकामा धाडायचा नसतो," पाटील म्हणाला. "माजा बा पन कोनाला नाय म्हनला नाय." पाटीलकी त्याच्याकडे बापाकडून आली होती, आणि ही रीतही तिच्याबरोबरच आली होती.

या दाखल्यांचं पाटलाचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे सुदर्शन. पाड्यावरचाच पोरगा, शिकला, आणि खाजगी आश्रमशाळेत वसतिगृहाचा अधीक्षक झाला. केस चापून बसवलेले, बोलणं गोड, आला की वाकून पाटलाच्या पाया पडायचा. आधी तो घाट चढून पेठकडच्या शाळेत लागला. मग रायगडात गेला. मग नंदुरबारच्या बाजूला. प्रत्येक नव्या संस्थेला मूळ गावच्या पोलीस पाटलाचा दाखला लागायचा, आणि पोस्टाला उशीर होतो म्हणून ज्याची चौकशी करायची तोच चौकशीचा कागद घेऊन यायचा. सोबत पेढेही आणायचा. एवढी सोयीस्कर चौकशी मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता शहाण्या माणसाने काय विचारलं असतं? की बाबा रे, तुला एका जागी ठरू का देत नाहीत? माघ्या पाटलाने उलटा हिशेब मांडला. मला पेढा देत तो कौतुकाने म्हणाला, "पोरगा लई पुढं गेला, मास्तर. जिल्ह्याजिल्ह्यातून मागनी हाये त्याला." पेठवाल्यांना रायगड माहीत नव्हतं, रायगडवाल्यांना पेठ. सगळ्या संस्थांचे धागे येऊन जुळत होते ते फक्त आमच्या पाटलाच्या ओटीवर, आणि ओटीवर पाटील पेढे खात होता.

मीही खाल्ला. पेढा बरा होता.

एका वर्षी होळीच्या सुमाराला सुदर्शन पुन्हा आला. या खेपेला कागद खोडाळ्याच्या अलीकडच्या एका खाजगी आश्रमशाळेचा होता. जव्हारचे व्यापारी कांतीलालशेठ त्या संस्थेचे अध्यक्ष. पाटलाला आनंद मावेना, कारण त्याची नात कमू माझ्याकडे चौथीत होती आणि जूनमध्ये पाचवीला त्याच शाळेच्या वसतिगृहात जायची होती. तिचे आईबाप वीटभट्टीवर, पोर आजी-आजोबांकडे वाढलेली. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि पाढे मात्र सातापर्यंतच यायचे.

"आमची कमू तुज्याकडंच येनार," दाखल्यावर शिक्का मारत पाटील सुदर्शनला म्हणाला. "नजर ठेव तिच्यावर."

"काळजीच नको, पाटील," सुदर्शन म्हणाला आणि पुन्हा पाया पडला.

एप्रिलअखेर पाड्यावर एक लग्न होतं. त्यासाठी गोजाबाईची भाची पोशी पेठकडून आली. मी निकालाचं काम आटोपून पाटलाकडे चहाला टेकलो होतो. पाटील मोठ्या उत्साहाने तिला सांगत होता, की आपल्या गावचाच सुदर्शन आता इथे साहेब म्हणून येतोय आणि कमू त्याच्या हाताखाली राहणार. पोशीने हातातली बशी खाली ठेवली.

"मामा, त्याला कागूद कोनी दिला?"

"म्याच दिला. दर खेपेला म्याच देतो."

पोशी भिंतीकडे बघत म्हणाली, "माजी पोर त्याच्याच हॉस्टेलात व्हती. तो पोरींना खोलीत पाय चेपायला बोलवायचा. जी जायाची नाय तिला जेवान नाय. दिवाळीला पोरी घरी आल्या त्या परत गेल्या नाय. माजी पन नाय गेली. आजून कोनी दार लोटला का ती रडं."

"तक्रार..." पाटील म्हणाला.

"कोनाकडं करू? तिकडचा साहेब म्हने, त्याच्या गावच्या पाटलाचा दाखला हाये आमच्याकडं."

गोजाबाई चूल सोडून बाहेर आली आणि नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. अंगणात कमू कोणाला तरी मोठमोठ्याने सांगत होती की शाळेत तिला नवी पेटी मिळणार आहे. पाटलाच्या हातातला चहा धोतरावर सांडला तरी त्याला कळलं नाही. मला त्याचा संताप आला आणि त्याची दयाही आली.

दुसऱ्या दिवशी पाटील जव्हारला निघाला. मला म्हणाला, "मास्तर, तुमी चला. तुमाला नीट बोलता येतां."

संस्थेची कचेरी म्हणजे कांतीलालशेठच्या कापड दुकानामागची खोली. शेठ माणूस अगत्याचा. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पंखा आमच्याकडे फिरवला. पाटलाने सगळं सांगितलं. मी मध्ये मध्ये नीट बोललो. शेठने शांतपणे ऐकून घेतलं.

"पाटील, आपल्या संस्थेत लहान मुलींचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही पडताळणी फार कडक करतो," ते म्हणाले. "पडताळणी झाल्याशिवाय माणूस घेत नाही."

"मंग याची कोनी केली?"

"तुम्हीच केलीत."

मी म्हणालो, "आधीच्या संस्थांना विचारलंत का?"

"विचारलं ना. ते म्हणाले, मूळ गावचा दाखला चोख होता, म्हणून घेतला होता." शेठ हसले. "आणि मास्तर, पोलिसांत एक नोंद नाही हो त्याच्या नावावर. आता पाटलांनी एवढ्या वेळा चांगला म्हणून लिहिलं आणि एकदम वाईट म्हणून लिहिलं, तर लोक पाटलांनाच काय म्हणतील? भाऊबंदकी वगैरे काही आहे का?"

"म्या दिलेला दाखला मी मागं घेतो," पाटील म्हणाला.

"दिलेला दाखला मागे घ्यायची पद्धत नाही," शेठ म्हणाले. "पोरींच्या आईबापांच्या लेखी तक्रारी आणा, आम्ही कमिटीपुढे ठेवू. कमिटी दिवाळीनंतर बसते." शाळा जूनला सुरू होत होती. निघताना शेठनी पाटलाला टोपी भेट दिली. पाटलाने ती घेतली, कारण दिलेलं परत करायची पद्धतही आमच्याकडे नाही.

मला वाटलं, झालं, आता हा घरी जाऊन कमूला घरात ठेवील आणि बाकीच्यांच्या पोरींचं त्यांचे आईबाप बघतील. शहाणी माणसं असंच करतात. पण त्या दिवसापासून पाटील सकाळी भाकर खाऊन निघायला लागला. आमचा पाडा, मग शेजारचे पाडे. घरोघरी जाऊन ओटीवर बसायचा आणि म्हणायचा, "सुदर्शनचा मी दिलेला कागूद खोटा हाये. पोरी धाडू नका." लोक त्याला चहा द्यायचे. काही जण मान हलवायचे, काही जण दुसऱ्याच गोष्टी काढायचे. पोलीस पाटील स्वतःच स्वतःला खोटं पाडत हिंडतोय म्हणून टपोरी पोरं हसायची. सुदर्शनच्या भावाने खोडाळ्याच्या बाजारात, भर गर्दीत पाटलाची गचांडी धरली. तिथेही पाटलाने तेच वाक्य म्हटलं, फक्त जरा मोठ्याने. बाजाराने त्याचं काम केलं. आठवड्याभरात ती गोष्ट पाटलाचे पाय पोहोचले नसते तिथे पोहोचली.

जूनमध्ये संस्थेची जीप पोरी न्यायला वरच्या रस्त्यावर आली ती रिकामी गेली. आणखीही कितीतरी पाड्यांवरून रिकामीच गेली. आता आश्रमशाळेचं अनुदान पटावर असतं, आणि पोरींच्या रडण्याने जे कांतीलालशेठना ऐकू आलं नव्हतं ते रिकाम्या जीपने लख्ख ऐकू आलं. कमिटी दिवाळीपर्यंत थांबली नाही. दोन दिवसांत बसली आणि सुदर्शनला काढलं. काढलं म्हणजे कसं, तर निरोप समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं, आणि "वर्तन समाधानकारक" असं लिहून दिलं. संस्थेचं नाव खराब व्हायला नको ना. वसतिगृहावर एक बाई नेमल्या. मग पोरी गेल्या. कमूही गेली, नवी पेटी डोक्यावर घेऊन, वाटभर बडबडत.

त्या संध्याकाळी पाटलाची ओटी भरली होती. बऱ्याच दिवसांनी तो मोकळा बोलत होता. शेठची नक्कल करत होता, लोक हसत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कोपऱ्यात धाकली बसली होती. पाड्यावरची म्हातारी, सुदर्शनच्या घराला लागून तिचं घर.

"पाटील," ती म्हणाली, "तो पोरगा हितं व्हता तवापासून आमाला ठावां व्हता तो कसा हाये ता. आमी आमच्या नातींना त्याच्या आंगनात जाव देत नव्हतो."

ओटीवर कोणी "काय सांगतेस" असं म्हणेना.

"मंग सांगितला का नाय मला?" पाटील म्हणाला.

"तुमी कागूद देत व्हतात ना. आमाला वाटला, पाटलाला पन ठावां आसल. तरी देतो म्हंजे चालत आसल."

तिने टोमणा मारला नव्हता. जे होतं ते सांगितलं, तंबाखू मळली आणि घरी गेली. एकेक करून सगळे उठले. पाटील तसाच बसला होता. मी उठायला लागलो तेव्हा त्याने विचारलं, "मास्तर, शाल घेऊन तो गेला कुटं?"

"शहापूरकडे म्हणतात. तिथे पण आश्रमशाळाच."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरच्या एसटीत होतो. तिथून पुढे टेंपोने, आणि शेवटी चिखलातून पायी. शाळेच्या मुख्याध्यापिका उज्ज्वलाबाई म्हणून होत्या. त्यांच्यापुढे सुदर्शनचे कागद होते, सगळे एकजात उत्तम. त्याला रुजू करून घ्यायची ऑर्डर टाईप होऊन पडली होती, सही बाकी होती. खिडकीतून मुलींचा कविता म्हणण्याचा आवाज येत होता.

पाटलाने मला बोलू दिलं नाही. आपल्या मोडक्या बोलीत त्याने सगळं सांगितलं. पोशीचं सांगितलं, पोरीचं नाव न घेता. धाकलीचंही सांगितलं. बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला. होळीला दिलेल्या दाखल्याखालची सही पाहिली, मग समोरच्या माणसाकडे पाहिलं. ऑर्डर उचलून त्यांनी उभी आडवी फाडली.

"पाटील," त्या म्हणाल्या, आणि आवाजात राग होता, जो असायलाच हवा होता, "इतकी वर्षं तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही का हो या माणसाबद्दल?"

मला वाटलं तो म्हणेल, नाही विचारलं. सगळे तेच म्हणतात, आणि ते ऐकायला बरंही वाटतं.

"इचारला व्हता, बाई," माघ्या पाटील म्हणाला. "दर खेपेला मलाच इचारला व्हता."