डोळे मिटा, लागलं की हो म्हणा

मंगळवार हा दवाखान्यात तपासणीचा वार. त्या दिवशी आजारी माणसं कमी आणि धडधाकट दिसणारी जास्त येत. कोणाचा रक्तदाब मोजायचा, कोणाचे डोळे बघायचे, कोणाचे पाय. बाकावर बसलेल्या या मंडळींचं कधी कशावर एकमत होत नसे, पण डॉक्टर भले, कंपाउंडर गमत्या आणि मोजेबाई म्हणजे ताप, एवढं मात्र सगळ्यांना मान्य होतं.

मोजेबाई म्हणजे तिथली नर्स. मधुमेहाच्या रुग्णांचे पाय तपासायचं काम तिच्याकडे होतं. माणूस खोलीत आला की ‘बसा’ नाही, ‘कसे आहात’ नाही, तिचा पहिला शब्द ‘मोजे’. दुसरा शब्द ‘दोन्ही’. कारण लोक एकच पाय धुऊन येतात आणि तोच पुढे करतात, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तेव्हापासून पुढे आलेला पाय बाजूला सारून ती आधी दुसरा मागायची.

“अहो, दुखत काहीच नाही, मग बोलावता कशाला?” असं एखादी आजी विचारायची.

“दुखत नाही म्हणूनच बोलावलंय,” ती खाली बघत म्हणायची. “दुखलं असतं तर तुमच्या तुम्हीच आला असतात.”

दवाखान्याच्या तक्रारवहीत तिच्यावर बरीच पानं खर्ची पडली होती. ‘बाई खेकसतात.’ ‘बाईंनी माझ्या नखांबद्दल सर्वांसमक्ष उद्गार काढले.’ ती वही ती स्वतःच दर महिन्याला डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवी, आणि ठेवताना सरळ रेषेत ठेवी.

तिची खोली पूर्वी औषधांचे खोके ठेवायची होती. एक उंच खुर्ची रुग्णाला, एक ठेंगणं स्टूल तिला, मान वळवता येणारा दिवा आणि खिडकी. खिडकीतून रस्त्यापलीकडचं दुकान समोरासमोर दिसे. खुर्च्या-सोफ्यांवर नवं कापड आणि चामडं चढवून देणाऱ्याचं दुकान. तो कारागीर दिवसभर उकिडवा बसून, तोंडात खिळे धरून, एकेक खिळा ओठातून काढून ठोकायचा. तो तिचा धाकटा दीर. अकरा वर्षं दोघं एकमेकांना रोज बघत होती आणि अकरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

भांडण एका वाक्याचं होतं. तिचा नवरा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, मधुमेहाचाच रुग्ण होता. नव्या चपलेनं त्याच्या टाचेला फोड आला. त्यानं तो कोणाला सांगितला नाही, कारण तो दुखतच नव्हता. ती तेव्हा याच दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ लोकांच्या मुलांना लसी टोचत होती. घरात वास यायला लागला तेव्हा उशीर झाला होता. आधी पाय गेला, मग दीड महिन्यानं माणूस. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी घर भरलेलं असताना दीर दारात उभा राहून म्हणाला, “दुनियेला सुया टोचत फिरते, आणि घरातल्या माणसाचा पाय कुजलेला हिला दिसला नाही.”

त्यानंतर ती डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, मला पाय तपासायला शिकवा, आणि ती खोक्यांची खोली द्या.

दिरालाही पुढे तोच आजार निघाला. त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याची बायको येऊन घेऊन जाई. धाकटी जाऊ दोघांच्या मधे सापडलेली, बिचारी दवाखान्यात शिरतानाच पदर सावरत इकडेतिकडे बघायची. पण या वर्षी डॉक्टरांनी नियम घट्ट केला. वर्षाची पायांची तपासणी झाल्याशिवाय नवी चिठ्ठी नाही. जाऊ दोनदा रिकाम्या हातानं परत गेली. तिसऱ्या मंगळवारी तो स्वतः आला.

त्याला दारात बघून बाई स्टुलावरून उठली नाही. त्यानंही उंबरा ओलांडला नाही. शेवटी कंपाउंडर मधे आला.

“बसायला सांगा त्यांना,” बाई कंपाउंडरला म्हणाली.

“त्यांना सांग, मला वेळ नाही. दुकान उघडं टाकून आलोय. कागदावर सही करून टाकायची असेल तर टाका.”

“त्यांना सांगा, मी पायावर सही करत नाही. मोजे.”

कंपाउंडर दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, “मोजे म्हणतायत.”

“मी बहिरा नाही.”

“तेही सांगू का?”

दीर बसला. उजवा बूट काढला, मोजा काढला, पाय पुढे केला. स्वच्छ धुतलेला. बाईनं तो बाजूला सारला.

“दुसरा.”

“एकच बघा म्हणावं. दोन्ही एकाच माणसाचे आहेत,” तो कंपाउंडरला म्हणाला.

बाई नुसती हात पुढे करून बसून राहिली. त्यानं चडफडत डावा बूट काढला, मोजा ओढला. पाय तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर आला. नवऱ्याचाच पाय होता तो, रुंद पंजाचा, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. तिनं दिवा जवळ ओढला आणि मूठ लावलेला बोटभर ताठ नायलॉनचा दोरा हातात घेतला. तो दोरा तळव्यावर टेकवायचा, किंचित वाकेपर्यंत दाबायचा. रुग्णानं न बघता सांगायचं, लागलं की नाही. एवढीच ती परीक्षा.

“त्यांना सांगा, डोळे मिटा आणि लागलं की हो म्हणा.”

त्यानं डोळे मिटले. तिनं अंगठ्याखाली दोरा टेकवला.

“हो.”

टाचेला टेकवला.

“हो.”

करंगळीखाली टेकवला. “हो.” उत्तरं अगदी खणखणीत येत होती. फार खणखणीत, आणि ठरल्या अंतरानं. शेजाऱ्याच्या पाटीवर बघून लिहिणारं मूल कधीच अडखळत नाही, तशी. तिनं दोरा उचलला आणि हवेतच धरला. पायाला काहीही लागलेलं नव्हतं.

“हो,” तो म्हणाला.

ती थांबली.

“हो,” तो पुन्हा म्हणाला.

कंपाउंडरनं तोंड उघडलं, पण बाईनं बोट वर केलं. तिसरा ‘हो’ आला. तिनं दोरा ठेवून दिला, पाय वळवून दिव्याकडे धरला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता आणि घट्ट्याच्या मधोमध काळा ठिपका, भोवती गुलाबी सूज. तिनं खाली पडलेला डावा बूट उचलला आणि आत हात घातला. बोट झटकन मागे आलं. बोटावर रक्ताचा थेंब होता.

पितळी डोक्याचा बुटका खिळा आत पडून, टोक वर करून तळात रुतून बसला होता. चिमट्यानं ओढून तिनं तो पांढऱ्या ताटलीत टाकला आणि ताटली त्याच्या मांडीवर ठेवली.

“विचारा त्यांना, कधीचा आहे.”

त्यानं डोळे उघडले. खिळा ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. “वकिलाच्या खुर्च्यांचे आहेत हे,” तो हळू म्हणाला. मग बोटं मोजली. “ते काम गेल्या बुधवारी संपलं.”

म्हणजे सहा दिवस तो त्या खिळ्यावर चालत होता, दुकानातून घरी, घरातून दुकानात, आणि आज इथवर.

अकरा वर्षांत बाईनं मनाशी बरीच वाक्यं घोटून ठेवली होती. त्यातलं एक आपोआप बाहेर पडलं. “घरात राहून मला दिसला नाही, म्हणाला होतात. तुमच्या तर पायातच होता.”

कंपाउंडर ताटलीकडे बघू लागला.

“बोलून घ्या, वहिनी,” दीर म्हणाला. “अकरा वर्षं थांबलात.”

“नंतर बोलते. पाय वर घ्या.”

डॉक्टर आले, बघून गेले. जखम आत किती गेली आहे ते मोठ्या इस्पितळात आजच्या आज बघायला हवं, पाय अजिबात टेकायचा नाही, असं त्यांनी लिहून दिलं. दिरानं चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

“उद्या जातो. आज सोफा द्यायचा आहे. माझ्या गोळ्यांचा कागद द्या आणि मला मोकळं करा. दुखतबिखत काही नाही.”

हे शेवटचं वाक्य बोलला नसता तर कदाचित पुढचं घडलं नसतं. वास यायला लागल्यावर नवऱ्याच्या तोंडून तिनं ते दोनदा ऐकलं होतं. बाई उठली, त्याचा डावा बूट उचलला, औषधांच्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

“बूट द्या माझा.”

“नाही देत.”

“ही काय दांडगाई आहे? डॉक्टर, ही बाई माझा बूट चोरतेय.” त्याचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. बाकावरची माणसं दारात जमली. मोजेबाईचा एवढा मोठा पाणउतारा फुकटात बघायला मिळणार होता.

“जा अनवाणी,” ती म्हणाली. “रस्त्यातून लंगडी घालत जा, गिऱ्हाइकाला सोफा द्या. नाहीतर डॉक्टरांनी बाहेर गाडी बोलावलीय, तिच्यात बसा. बूट इस्पितळाचा कागद दाखवल्यावर मिळेल.”

“भावाला गिळलंत, आता माझ्यावर हुकूम?”

बाईचा खिशावरचा हात हलला नाही.

“हो,” ती म्हणाली. “तुमच्यावर.”

कंपाउंडरनं चाकांची खुर्ची आणली. दीर तीत बसला तो तिच्याकडे पाठ करून. जाताना त्यानं दारातल्या एकाकडून पेन मागितलं आणि मांडीवर तक्रारवही घेऊन अर्धं पान लिहिलं. अक्षर सुरेख होतं.

शस्त्रक्रियेत थोडं हाड खरवडावं लागलं, पण अंगठा राहिला, पाय राहिला. पुढे नऊ आठवडे तो दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला तिच्या खोलीत येत होता. तिचा हात थंड आहे, कापूस स्वस्तातला आहे, दिवा डोळ्यावर येतो, असं काहीबाही बोलत. ती त्याच्या नखांबद्दल बोलत होती. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याबद्दल दोघांपैकी कोणीही बोललं नाही.

वर्षानं पुन्हा त्याच्या तपासणीचा मंगळवार आला. जाऊ नाही, तो स्वतः आला. आपणहून डावा पाय आधी पुढे केला. धुतलेला नव्हता.

“डोळे मिटा,” ती म्हणाली. कंपाउंडर बाहेर होता. “लागलं की हो म्हणा.”

तिनं दोरा अंगठ्याखाली टेकवला. तो काही बोलला नाही. टाचेला टेकवला. खोलीत दिव्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. करंगळीखाली टेकवला, चवड्यावर टेकवला. ती जागा बदलत होती आणि तो ओठ घट्ट मिटून ऐकत असल्यासारखा बसला होता. पावलाच्या कमानीवर दोरा वाकला तेव्हा तो म्हणाला, “हो. इथे.”

तिनं कागदावर एक बरोबरची खूण केली आणि नऊ फुल्या मारल्या.

“झालं?”

“झालं.”

त्यानं मोजा चढवला. बूट उचलला, उलटा केला आणि तिच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दोनदा आपटला. थोडी माती पडली, काथ्याचा एक तुकडा पडला. बाईनं मातीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“झाडू दाराआड आहे, भाऊजी.”

“मी रुग्ण आहे इथला.”

“दुसरा बूट राहिला,” ती म्हणाली. “तोही आपटा, मग एकदमच झाडा.”