कानात सांगायचं नाव

माझ्या भावाच्या तिसऱ्या मुलीच्या बारशाला मी सांगलीहून उंब्रजला गेले आणि तिथं माझं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

आधी नावांचं सांगते. पहिल्या मुलीच्या वेळी भावानं फोनवर नावांची नुसती खाण उकरली होती. नाव लांबलचक पाहिजे, गावात कुणाचं नसलेलं पाहिजे आणि शेवटी 'इका' पाहिजे. सारिका जुनं झालं, राधिका गल्लीतच दोन होत्या, निहारिका साडूनं आधीच उचललेलं. शेवटी एक भलंमोठं नाव सापडलं. बालवाडीच्या बाईंना ते धड म्हणता येईना, याचाच त्याला कोण अभिमान! दुसरीलाही तसंच नाव, शेवट तोच. दोघींना एकदम हाक मारलीस की कविता म्हटल्यासारखं वाटतं, असं मी त्याला चिडवायचे. पण मनातून बरं वाटायचं. आमच्या शाळेत एक नकुशी होती. नको असताना झाली म्हणून नकुशी. हजेरीत नाव आलं की ती मान खाली घालून 'हजर' म्हणायची आणि गुरुजीसुद्धा ते नाव भरभर वाचून पुढं जायचे. त्या मानानं माझा भाऊ मुलींच्या नावासाठी रात्रंदिवस फोन चिवडतोय, हे मला कौतुकाचं वाटायचं. किती भाबडी मी!

तिसरीच्या वेळी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव आलं, समापिका. खाली टाळ्या, फुलं, बदाम. लय युनिक, शेवट पण जुळला, वगैरे. मला ते वाचताच खटकलं. पण म्हटलं, कानाला गोड लागलं असेल, अर्थाकडे लक्ष गेलं नसेल त्याचं.

बारशाच्या सकाळी पोहोचले तर भिंतीवर थर्माकोलची गुलाबी अक्षरं लागलेली, केकवर तेच नाव, आणि स्वयंपाकघरात वाटायच्या घुगऱ्या शिजत होत्या. मी भावाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "अरे, या नावाचा अर्थ तरी बघितलास का?"

"बघितला की आक्का. अर्थ बघूनच काढलंय," तो खुशीत म्हणाला. "समापिका म्हंजी संपवणारी. पोरींची लाईन हितंच बंद. आता फुडचा पोरगाच."

आई शेजारीच ओटीचं सामान लावत होती. ती म्हणाली, "चांगलं हाय की. आमच्या येळी नकुशी म्हणायचे, ते वंगाळ वाटायचं. ह्ये कसं शोभून दिसतंय."

शोभून दिसतंय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नकुशी म्हणणारे निदान तोंडावर तरी बोलत होते. यांनी तीच शिवी चांगले कपडे घालून केकवर बसवली होती, आणि वर लोकांकडून टाळ्या घेत होते. पदवी घेतलेला, हायवेवर दुकान चालवणारा माझा भाऊ! कान उपटावेसे वाटले त्याचे.

मी तडक आतल्या खोलीत भावजयीकडे गेले. ती कवठे महांकाळची, माहेरी बडबडी, आमच्याकडे आल्यापासून गप्प. बाळाला टोपडं बांधत होती.

"तुला हे नाव पसंत आहे?"

"असू द्या वन्सं," ती मान वर न करता म्हणाली. "नावानं का हुईना, संपू दे सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रगात न्हाई, आता चौथं नको. ह्यांना सांगितलं, तर म्हणत्यात, एक डाव बघू."

मी तिच्याजवळ टेकले. विचारलं, "तुझ्या मनात कुठलं होतं?"

तिनं हळूच एक नाव सांगितलं. त्याचाही शेवट 'इका'च होता. "तिघी एकसारख्या वाटाव्यात," ती म्हणाली. "हिला कुणी येगळं काढू नये."

पाळण्यापाशी बायका जमल्या. आमच्याकडे नाव कुणीही शोधो, बाळाच्या कानात ते सांगायचा मान आत्याचा. मी वाकले. रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटे पडायला लागले. मी त्या इवल्याशा कानात 'कुर्र' केलं, तिच्या आईनं सांगितलेलं नाव सांगितलं, आणि उठून तेच सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं.

"आक्का, चुकलीस," भाऊ हसत म्हणाला. "भितीवर बघ की."

"चुकली न्हाई," मी म्हणाले. रागात माझी बोली परत उंब्रजची होते. "थांबायचं आसंल तर दवाखान्यात जा. आपरेशन बाप्याचं बी हुतंय. त्या लेकराच्या गळ्यात कशाला पाटी बांधतोस? बायकूच्या अंगात रगात न्हाई आन् तुला चौथं पायजे व्हय रं?"

पाठीत आणखी एक धपाटा बसला. तो रिवाजातला नव्हता, आईचा होता. "चार माणसांत भावाची अब्रू काढलीस," ती म्हणाली. दाराशी उभे असलेले भावाचे मित्र खाली बघायला लागले. भाऊ लाल झाला होता. मला तोंड आवरायला सांगावं म्हणून त्यानं बायकोकडे बघितलं.

ती पाळण्याची दोरी धरून उभी होती. चार माणसांत तिचा आवाज त्या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता.

"वन्संनी सांगितलं तेच नाव," ती म्हणाली. "आन् चौथं मी करणार न्हाई." मग तिनं ती दोरी नवऱ्याच्या हातात दिली. "घ्या. झोका द्या तिला."