अपवाद काढायचा कोणी

शुक्रवारी दुपारी, ड्युसेलडॉर्फच्या आमच्या ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावर, गोदामाच्या बाईंचा फोन आला. कोणत्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा ते ठरवणारा प्रोग्राम बंद पडला होता आणि ट्रक फाटकाशी उभे होते. इथे रविवारी ट्रक रस्त्यावर आणता येत नाहीत. ते वेळेत निघाले नाहीत, तर सोमवारी ड्रेस्डेनचा कारखाना सुट्या भागांवाचून थांबणार होता.

"काहीतरी करा. ड्रायव्हर लोक माझी सगळी कॉफी संपवताहेत," बाई म्हणाल्या.

एरर सरळ होती: क्वेरी फार लांब आहे. डेटाबेसला विचारायच्या प्रश्नालाही लांबीची मर्यादा असते. आमचा प्रश्न मुळात एका ओळीचा, माल कोणाला द्यायचा? पण वर्षानुवर्षं त्याला शेपूट वाढत गेलं होतं. अमुक गिऱ्हाईक सोडून, तमुक सोडून, ते तिसरंही सोडून. त्या सकाळी कोणीतरी आणखी एक 'सोडून' जोडलं आणि डेटाबेसने हात टेकले.

खरा उपाय म्हणजे सगळे अपवाद वेगळ्या टेबलात ठेवणं. त्याला समितीची मंजुरी लागते आणि समिती मंगळवारी बसते. तोवर काही जुने अपवाद खोडावेत, असं मी शेजारच्या सहकाऱ्याला सुचवलं. तो जॅकेट चढवत होता.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण ज्याने घातला त्यानेच काढायचा."

"जुने अपवाद घालणारे गृहस्थ रिटायर झालेत."

"मग त्यांना फोन करा."

"आणि ते वारले असते तर?"

"तर अवघड होतं," तो गंभीरपणे म्हणाला आणि शनिवार-रविवारच्या शुभेच्छा देऊन निघून गेला.

गृहस्थ हयात होते, बागेत गवत कापत होते. बंद पडलेल्या कंपन्यांची नावं मी एकेक वाचली. "काढा, काढा! ते सगळं तात्पुरतंच होतं," ते म्हणाले. मी खोडली. क्वेरी चालली, ट्रक सुटले, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन घरी गेले.

सोमवारी पुन्हा बाई. "ड्रेस्डेन चालू आहे. पण आमचा एक ड्रायव्हर पॅलेटभर ब्रेकचे भाग घेऊन एका व्यायामशाळेच्या दारात उभा आहे. पत्ता बरोबर आहे म्हणतो. कंपनीच नाही."

मी पुन्हा बागेत फोन लावला.

"अच्छा, ती ऑर्डर!" गृहस्थांना लगेच आठवलं. "कंपनी बुडाली. पण ऑर्डर रद्द करायला गिऱ्हाइकाची सही लागते. ती कुठून आणणार? म्हणून मी अपवाद घातला."

"मग शुक्रवारी सांगायचं नाही का?"

"तुम्ही काढू का, असं विचारलंत. का घातला, ते विचारलं नाहीत."

पॅलेट परत मागवलं आणि तो अपवाद पुन्हा घातला. आता त्याच्यापुरती जागा होती.