मगरीची तलवार आणि शेजारची म्हातारी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगताना मध्ये कुणी दात काढले तर चहाचा कप परत घेईन! आता असला गाढवपणा कोल्हापूरपासून हॉलंडपर्यंत दुसऱ्या कुणी केला असेल, तर आणा त्याला माझ्यासमोर. पाया पडतो त्याच्या.

कोरोनाचं पहिलं वर्ष. नातवाच्या बारशाला म्हणून मी आणि आमची मंडळी हॉलंडात उइटहॉर्नला लेकाकडे आलो, आणि विमानं बंद! तीन महिन्यांचे आठ झाले. लेक महेश दिवसभर कॉम्प्युटरशी इंग्रजीत भांडायचा, सून प्रज्ञा फोनवर डच बोलायची, आणि मी खिडकीत बसून सायकलवाल्यांना शिव्या द्यायचो. करणार काय?

अशात खंडेनवमी आली. गावाकडं माझं चपलांचं दुकान. चौथीत शाळा सोडली ती थेट चामड्यात. दर खंडेनवमीला रापी, आरी, हातोडी पुजायची. इथं काय पुजू? सुनेची बटाटे सोलायची सुरी?

पण देव पावला! शेजारच्या डच म्हातारीनं घरातली अडगळ काढून फुटपाथवर ठेवली होती. हवं त्यानं उचलावं, असा इथला रिवाज. लाकडी जिराफ, काळे मुखवटे, आणि त्यात एक हातभर तलवार! खवल्याखवल्यांचं चामडी म्यान, गुळगुळीत मूठ, मुठीला केसांचा झुपका. घातली कोटात आणि आणली घरी.

पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, शेवंती वाहिली. तेवढ्यात महेश जिन्यावरून खाली आला.

"आबा, हे काय?"

"आफ्रिकेच्या राजाची तलवार."

"राजाची? कशावरून?"

"म्यान बघ. मगर! मूठ हस्तिदंताची. आणि झुपका सिंहाच्या शेपटीचा."

"नक्की?"

"चाळीस वर्षं चामडं हुंगलंय मी! मला विचारतोस?"

खरं सांगू? मगर मी फक्त चित्रात बघितलेली. आणि सिंहाची शेपटी कोण कशाला हुंगायला जाईल? पण पोरानं 'नक्की?' म्हटल्यावर बापानं माघार घ्यायची असते का?

महेशचं तोंड पांढरं पडलं. "आबा, मगर, हत्ती, सिंह! कागदांशिवाय असलं काही घरात ठेवणं इथं गुन्हा आहे. माझं इथं राहायचं परमिट रिन्यूला गेलंय. थांबा, खमेन्तेला फोन करून विचारतो."

खमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका.

"आपणच सांगायला जायचं? गप बस! मी कालव्यात टाकून येतो."

गेलो कालव्यावर. पण सकाळी पुजलेलं शस्त्र बदकांच्या डोक्यात कसं फेकायचं? हात उठेना. त्यात सायकलवरून एक बाई हात हलवत गेली. म्हणजे साक्षीदार पण झाला! आलो परत. महेशला म्हटलं, "टाकली." आणि तलवार लपवली मंडळींच्या बॅगेत, बारशाला आणलेल्या पैठणीच्या घडीत. त्या पैठणीला हात लावायची माझी आजवर हिंमत झाली नव्हती. मग पोलिसांची काय होणार?

पुढचे आठ दिवस बेल वाजली की मी संडासात. दिवसाला चार पार्सलं यायची त्या घरात! मंडळी म्हणाली, "पोट बिघडलंय का हो? ताक देऊ?"

नवव्या दिवशी दारात शेजारची म्हातारी. मास्क लावून, दीड मीटर लांब उभी, आणि हातानं तलवारीची लांबी दाखवतेय! संपलं. मी धावत बाहेर गेलो आणि हात जोडले.

"बाई, पोरगा निर्दोष आहे! मगर मी आणली! मला न्या!"

"आबा, थांबा हो!" प्रज्ञा ओरडली. "त्या काय म्हणतायत ते ऐका तरी."

म्हातारी बोलत गेली, प्रज्ञा मराठीत सांगत गेली. तिच्या नवऱ्यानं ती तलवार आफ्रिकेत सहलीला गेल्यावर घेतलेली. टुरिस्टांची बस थांबते तिथं ढिगानं विकायला असतात. म्यान शेळीच्या कातड्याचं, वर ठसा मारून खवले काढलेले. मूठ बैलाच्या शिंगाची. झुपका गाईच्या शेपटीचा.

"शेळी?" महेश म्हणाला. "आबा, शेळी?"

मी चपलेकडं बघत बसलो. पण परमिट वाचलं ना पोराचं!

"अजून एक आहे," प्रज्ञा म्हणाली. "तुम्ही ती उचलताना त्यांनी खिडकीतून बघितलं. लगेच येणार होत्या, पण क्वारंटाइनमध्ये अडकल्या. त्या केसांत किडे आहेत. त्यांचा अख्खा गालिचा खाल्ला. लोकर, रेशीम, काही सोडत नाहीत. कपड्यांजवळ ठेवू नका म्हणतायत."

"बरं झालं बाई, यांनी कालव्यात टाकली," मंडळी म्हणाली. "नाहीतर माझी पैठणी!"

मी हळूच आत गेलो. बॅग उघडली. पदरावरच्या चार मोरांपैकी दोघांना डोकी नव्हती.

तसाच बाहेर आलो आणि प्रज्ञाच्या कानाला लागलो, "पोरी, बाईंना पोलिसांचा नंबर विचार. चामडं मगरीचंच आहे म्हणून मी लिहून देतो."