सासूबाईंचं मराठी

लॉकडाउनमध्ये कोणाला काय मिळालं याची चर्चा निघाली की लोक अजूनही रंगात येतात. कोणी पाव भाजायला शिकलं, कोणाची बाजाची पेटी माळ्यावरून खाली आली, कोणाचं नवऱ्याशी नव्याने जमलं. माझी पाळी आली की मी सांगते, मला सासू मिळाली. लोकांना हे वाक्य फार आवडतं. हल्ली मात्र ते बोलून झालं की मला आतून कसंतरीच होतं, म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते.

लग्नानंतरचा पहिला पाडवा सासरी करायचा असं ठरलं होतं. सासर म्हैसूरचं, तिथे त्याला युगादी म्हणतात. नवरा कामासाठी दिल्लीत होता, तो तिकडून विमानाने येणार आणि मी पुण्याहून रेल्वेने आधी जायचं. मी पोचले, आणि तो निघायच्या आत सगळा देश बंद झाला. तो दिल्लीत एका खोलीत अडकला. मी अडकले देवराज मोहल्ल्यातल्या एका अरुंद दुमजली घरात, ज्यांची मांडवात जेमतेम तोंडओळख झाली होती अशा सासू-सासऱ्यांबरोबर. जवळ चार दिवसांचे कपडे, ऑफिसचा लॅपटॉप, आणि निघताना आईने बजावलेलं एक वाक्य, "तिथे जरा कमी बोल."

आईचं काही चुकत नव्हतं. मी बडबडी आहे. आमच्या घरी सगळेच बडबडे, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायची पद्धत नाही.

सासरचे लोक मूळचे रंगारी. साड्या रंगवायच्या, छापायच्या हा जुना धंदा. तो बुडाला, तेव्हापासून घराच्या खालच्या मजल्यावर अस्तर, फॉल आणि ब्लाउजपीसचं दुकान आहे. महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या ते कोणालाच धड सांगता येत नाही, पण घरात बोलतात मराठीच. मराठी म्हणजे कसं, तर वाक्य आपलं आणि शब्द कन्नडसकट हाताला लागतील ते. सासूबाईंचं तर विचारूच नका. "सोलपा सारू घाल की ग भातावर! साकू? एवढंच? अय्यो, हिच्यापेक्षा चिमणी जास्ती खाते!" सारू म्हणजे सार, सोलपा म्हणजे थोडं आणि साकू म्हणजे पुरे, हे मला पहिल्या जेवणातच कळलं. त्यांचा आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. खाली दुकानात बसलेल्या सासऱ्यांना त्या वरच्या मजल्यावरून हाक मारायच्या ती गल्लीच्या टोकाला ऐकू जायची.

पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन विळी ओढली. त्या म्हणाल्या, "तू सुम्ने बस ग." मी उठले आणि बाहेर जाऊन बसले. संध्याकाळी बातम्या बघताना मी तावातावाने काहीतरी बोलत होते, बोलता बोलता कपबश्या गोळा करायला लागले. पुन्हा तेच, "अग, तू सुम्ने बस की!" दुसऱ्या दिवशीही तेच झालं. शब्द माहीत नव्हता, पण सूर मला कळला असं मी गृहीत धरलं. ऑफिसच्या कॉलनंतर एका कन्नड मैत्रिणीला सहज विचारावं तसं 'सुम्ने'चं विचारलं. ती म्हणाली, "सुम्निरु म्हणजे गप्प राहा. का ग?" मी म्हटलं, काही नाही.

गप्प बस! लग्न होऊन चार महिने झालेल्या सुनेला! माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि पाठोपाठ रडूही आलं. बरं, उठून माहेरी जावं तर गाड्या बंद, आणि नवऱ्याला सांगावं तर तो तिकडे एकटा, खिचडीवर दिवस काढतोय. मी ठरवलं, बसायचं गप्प. बघू कोण आधी कंटाळतं.

त्या दिवसापासून मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायला लागले. हो. नको. चालेल. जेवून ताट घासून ठेवायचं आणि लॅपटॉप घेऊन माळ्याच्या खोलीत जायचं. सासरे अधूनमधून काही विचारायचे, मी हसल्यासारखं करायचे. सासूबाई सुरुवातीला जिन्यात उभ्या राहून खूप काय काय सांगायच्या. कडुनिंबाचा मोहर यंदा कमी आहे, मोगरेवाली येत नाही तर देवाला काय घालायचं, पिरियापट्टणला त्यांची बहीण एकटी आहे. मी ऐकून घ्यायचे आणि स्क्रीनकडे बघायचे. हळूहळू त्यांचंही बोलणं कमी झालं. दोन बायका एका घरात, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आत फक्त भांड्यांचा आवाज. मला एकाच प्रश्नाने घेरलं होतं, मी या घरात कोणाला हवी आहे का? रोज त्याचं उत्तर मी स्वतःच देत होते, की नाही.

मग एका दुपारी त्या बहिणीला फोन करत होत्या. मी पाणी प्यायला खाली आले होते. पलीकडून बहिणीने विचारलं असावं, का ग फोन केलास, तर या म्हणाल्या, "सुम्ने ग. सुम्ने केला."

मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. गप्प ग, गप्प केला? हा काय अर्थ झाला? दुकानाच्या पायरीवर सासरे बंद शटरला टेकून बसले होते, त्यांना जाऊन विचारलं, "बाबा, सुम्ने म्हणजे काय?"

"सुम्ने म्हणजे..." ते अडकले. "सुम्ने म्हणजे सुम्नेच की. कसं सांगू तुला? काही कारण न्हाई, उगीच. का?"

"आणि तू सुम्ने बस?"

"तू काय करू नको, आराम कर, आम्ही आहोत. आणि काय?"

मी सांगितलं मला काय वाटलं होतं ते. आधी त्यांना कळेचना. कळलं तेव्हा चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले, आणि तिथूनच वर ओरडून बायकोला सांगून मोकळे झाले. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट दिल्लीला, पुण्याला आणि पिरियापट्टणला पोचली. व्हिडिओ कॉलवर एकेकजण हसून लोळत होता. मीही हसले. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, हसू नाही तर काय करू?

सासूबाईही हसल्या, पण त्यांच्या नेहमीच्या मानाने फारच थोडं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना त्यांनी विचारलं, "एवढे दिवस तू त्यापायी बोलत नव्हतीस?"

"हो. आणि तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, पुण्याची मुलगी. आमचं बोलणं हिला नीट वाटत न्हाई." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "माझं मराठी तसलंच आहे ग."

मी म्हटलं, काहीतरीच काय. आणि विषय संपला असं समजले.

त्यानंतरचे दिवस खरोखर सोन्यासारखे गेले. ऑफिस आटपलं की आम्ही दोघी गच्चीवर जायचो. समोर चामुंडीची टेकडी स्वच्छ दिसायची, गाड्यांचा आवाज नाही, धूळ नाही. त्या मला विचारायच्या, "सोलपाला तुमच्यात काय म्हणतात?" मी सांगायचे, थोडं. "आणि साकू?" पुरे. "बेगा ये?" लवकर ये. त्या शब्द पुटपुटायच्या, दुसऱ्या दिवशी वापरून दाखवायच्या, मी शाबासकी द्यायचे. मला वाटलं, खेळ आहे. शिकवायची मला हौस, आणि इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला जन्मात मिळाला नव्हता. दुपारी त्या मराठी मालिका लावून बसायला लागल्या. सासरे चिडवायचे, "परीक्षा कधी आहे हिची?" मी उलट त्यांचीच बाजू घ्यायचे. एकदाही माझ्या मनात आलं नाही की मीही विचारावं, आई, तुमच्यात याला काय म्हणतात? सगळी वाहतूक एकाच दिशेने चालली होती.

एकदा माझा एक विटलेला पांढरा कुर्ता त्यांनी रंगवायला काढला. रंगाऱ्याच्या घरी आलीस आणि हे असलं घालतेस, म्हणाल्या. डाळिंबाच्या साली साठवलेल्या होत्या, त्या उकळल्या. कापडाला आधी तुरटी पाजायची, नाहीतर रंग धरत नाही, हे सांगताना त्यांचे हात भराभर चालत होते आणि तोंडही. कुर्ता भांड्यातून बाहेर आला तो हळदीपेक्षा जरा उतरता, सुंदर पिवळा. "आता नेरळात वाळ..." म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ हलले. शब्द सापडेना. हातातून पिवळं पाणी गळत होतं.

"सावलीत," मी म्हटलं.

"सावलीत वाळत घाल," त्या म्हणाल्या, आणि पुढचं सगळं गप्पपणे केलं.

मी ते बघितलं होतं, पण मला काही खटकलं नाही. कौतुकच वाटलं.

पुढे गाड्या सुरू झाल्या, पास मिळाला, नवरा पुण्यात पोचला आणि मीही गेले. निघताना आम्ही दोघी इतक्या रडलो की सासरे कंटाळून रिक्षात जाऊन बसले. त्यानंतर माझे त्यांना फोन सुरू झाले, ते आजपर्यंत चालू आहेत. सासूबाईंचं मराठी दर फोनला सुधारत गेलं. तब्येत उत्तम आहे. हवामान छान आहे. तुम्ही दोघे वेळेवर जेवत जा. नवरा म्हणाला, आई हल्ली बातम्या दिल्यासारखी बोलते. मी त्याला म्हटलं, तुला कौतुकच नाही. पण फोन छोटे होत गेले हे माझ्याही लक्षात आलं होतं. माझ्याशी बोलताना त्या चिडवायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत, मध्येच भलतीकडे जायच्या नाहीत. एकदा मी धीर करून म्हटलं, आई, तुम्ही आधीसारखं बोला ना. त्या म्हणाल्या, "नको. चुकून पुन्हा तुझं मन दुखावलं तर?" मी खूप समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "बरं. काळजी करू नकोस."

गेल्या पाडव्याला आम्ही म्हैसूरला होतो. सकाळी मी फुलं आणायला मार्केटात गेले होते. परत आले तेव्हा पिरियापट्टणच्या मावशी येऊन पोचल्या होत्या, त्यांच्या चपला खाली होत्या. मी जिना चढत होते आणि वरून तो आवाज आला. तो मोठा आवाज, जो मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "अय्यो अक्का, ऐक की ग! ह्यांनी छत्री उघडली ती उलटीच, वारा आला, आणि हे मागं मागं! अर्धा मोहल्ला नोडत उभा, आणि हे म्हणतात मला, बेगा धर, बेगा धर! काय धरू? छत्री की नवरा?" आणि मग ते हसणं. दोघी हसत होत्या, भांड्यावर काहीतरी आपटत होतं, मध्येच खोकला, आणि पुन्हा हसणं.

मी जिन्यातच थांबले. कोण म्हणतं माझ्या सासूला मराठी येत नाही? या घरात तिच्याइतकं चांगलं मराठी कोणालाच येत नाही, मला तर मुळीच नाही. वर गेले तर हे थांबेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून परडी छातीशी धरून उभी राहिले, चोरासारखी. माझ्या वाट्याला हेच आलं असतं रोज, फुकट, न मागता.

तेवढ्यात मावशींनी वरून वाकून पाहिलं. "अग, तिथं काय करतेस? ये की वर!"

मी गेले. सासूबाईंचे डोळे अजून हसून ओले होते. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "आलीस का? ऊन फार आहे ना बाहेर? तुझ्यासाठी थोडं सरबत करू का?"

वाक्य संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलं का म्हणून. मी मान हलवली. एकही चूक नव्हती.